बॅटीक लागलो, मगे आउट कसो? परदेशातली फिरकी आणि आपण

सड्यावरचा
१५ जुलै २०२५, सकाळी ७:१०

काल संध्याकाळी सहालाच लाईट गेली. पावसात माडाची झावळ तारेवर पडली की आमच्याकडे लाईट किती वाजता येणार असं कोणी विचारत नाही, कुठल्या वारी येणार ते विचारतात. त्यामुळे लॉर्ड्सवरच्या भारत-इंग्लंड कसोटीचा शेवटचा तास मी आणि बाबांनी पडवीत मोबाईलवर बघितला. रेंजची एकच काडी, तीही उत्तरेकडच्या खांबाला पाठ लावून उभं राहिलं तरच. बाबा ८१ वर्षांचे. ते खुर्चीत, मी खांबाला, आणि मधे हात लांब करून धरलेला मोबाईल.

जडेजा ६१ वर. जिंकायला २३ हव्यात. समोर इंग्लंडचा फिरकीपटू बशीर, ज्याचं एक बोट मोडलेलं. सिराज मागच्या पायावर गेला आणि चेंडू बॅटच्या मधोमध घेतला. आवाजसुद्धा छान आला. मग चेंडू खाली पडला, पडल्यावर गिरकी घेतली, सिराजच्या मागे गेला आणि लेग स्टंपला जेमतेम टेकला. एक बेल खाली. संपलं. २२ धावांनी हरलो.

बाबा म्हणाले, "रे झिला, बॅटीक लागलो ना? मगे आउट कसो?"

मी समजावलं. त्यांना पटलं नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "बॉल मेलो नाय तर."

रात्रभर पाऊस कोसळत होता आणि माझ्या डोक्यात तेवढंच. बॉल मेला नाही. परदेशात फिरकीसमोर आपण हरलो की आपण खेळपट्टीला शिव्या घालतो, निवड समितीला घालतो, आयपीएलला तर घालतोच. पण फिरकी खेळणं म्हणजे बॉल मारणं हे कधी ठरलं? तो आधी पायाशी मारून टाकायचा असतो, म्हणजे मेला पाहिजे, जागच्या जागी. मग हवं तर धावा.

आम्ही लहानपणी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात खेळायचो. बॅट माडाच्या पिड्याची, म्हणजे झावळीच्या बुंध्याकडचा जाड भाग तासून केलेली. बॉल रबरी. नियम एकच, वन टप्पा आउट. एक टप्पा पडून कोणी एका हाताने झेलला तरी बाद. खळं चार पावलांचं, मधे तुळस, तुळशीला बॉल लागला तर बाद आणि वर आजीचा मार. अशा ठिकाणी जोरात अडवला की तिसऱ्या बॉलला घरी. म्हणून हात आपोआप सैल पडायचे. बॅट बॉलकडे न्यायची नाही, बॉलला बॅटवर येऊन बसू द्यायचं. कोणी शिकवलं नव्हतं हो, नियमानेच शिकवलं.

आता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, मे महिन्यात स्पर्धा होतात. टेनिस बॉल, सहा षटकं, चाकरमान्यांचे संघ, माईकवर कॉमेंट्री, चषक माझ्या कमरेएवढा. फिरकी टाकणाऱ्याला कप्तान एक षटक देतो आणि त्याच्या सात पिढ्या काढतो. अडवणाऱ्याला तर आपलेच लोक बाहेरून ओरडतात. यातून सैल हात कुठून येणार?

माझं म्हणणं एवढंच. मंडळींनी बोलावं.

चौथा_डाव
१५ जुलै, सकाळी ९:३२

लिहिलंय झकास, पण अकराव्या नंबरच्या माणसावर सिद्धांत उभा करू नका. सिराज ३० चेंडू टिकला हेच खूप. लॉर्ड्स आपण दुपारच्या जेवणाआधी हरलो, ८ बाद ११२ ला, आणि ते आर्चर, स्टोक्सने केलं. शिवाय त्याच सामन्यात फिरकीने आपल्याला सामन्यात ठेवलं होतं. वॉशिंग्टन सुंदर, दुसऱ्या डावात २२ धावांत ४, आणि चारही त्रिफळा. रूट, स्टोक्स, स्मिथ, शेवटी हाच बशीर.

मूळ मुद्दा मात्र खरा आहे आणि लॉर्ड्सपेक्षा जुना आहे. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये आपण वेगाला घाबरून सराव करतो आणि गळा दुसराच कोणी कापतो. ॲडलेड २०१४ आठवा. ३६४ चा पाठलाग, २ बाद २४२, मुरली विजय आणि कोहली खेळतायत, मी ऑफिसात पेढे सांगून ठेवले होते. नेथन लायन १५२ धावांत ७. सर्वबाद ३१५, ४८ धावांनी पराभव. कोहली १४१.

त्याच वर्षी आधी साउथॅम्प्टनला मोईन अली ६७ धावांत ६. त्या मालिकेत मोईनचे १९ बळी. मोईन! त्याला तेव्हा इंग्लंडवाले स्वतः कामचलाऊ म्हणत होते. पुढे २०१८ ला पुन्हा साउथॅम्प्टन, पुन्हा मोईन, ५ आणि ४. पाठलाग २४५ चा, पडलो १८४ ला.

घाटावरून
१५ जुलै, सकाळी ९:५०

सिराजने पायाने ढकलायचा होता की. नियमात बसतं. बॅट नाहीतर पाय चालतो, मोकळा हात लावायचा नाही फक्त.

बाकी बांगडा काय भावाने तुमच्याकडे?

सड्यावरचा
१५ जुलै, सकाळी १०:०५

@घाटावरून, जुलै आहे. ३१ पर्यंत मासेमारीला बंदी. जो मिळतोय तो बर्फातला, आणि तो आम्ही घाटावर पाठवतो.

पॅडआधी
१५ जुलै, दुपारी १२:१५

वन टप्प्याचा सिद्धांत गोड आहे, पण एक मोठी गोष्ट सुटली. डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय पडद्यावर तपासून घ्यायची सोय.

आमच्या पिढीने फिरकी कशी खेळायची ते पाहून पाहून शिकलं. पुढचा पाय लांब टाकायचा, बॅट पॅडच्या मागे लपवायची आणि अंपायरकडे साळसूद चेहऱ्याने बघायचं. पाय इतका पुढे गेला की अंपायर बोट वर करतच नसे. संशयाचा फायदा फलंदाजाला. अर्धी दुनिया यावर जगली. मग २००८ साली आपल्याच श्रीलंका दौऱ्यात ही रिव्ह्यूची पद्धत पहिल्यांदा कसोटीत आजमावली गेली. आपल्याला ती इतकी कडू लागली की आपण पुढे आठ वर्षं नाक मुरडत बसलो आणि २०१६ अखेर इंग्लंड इथे आलं तेव्हा कुठे मान्य केली. दरम्यान बाकीचे देश बॅट पॅडच्या पुढे आणायला शिकत होते.

पडद्यावर चेंडू स्टंपला लागताना दिसायला लागला तसा ऑफस्पिनर आणि डावखुरे सरळ स्टंपवर टाकायला लागले. पूर्वी भीती होती ती वळणाऱ्या चेंडूची. आता न वळणाऱ्याची. एकाच जागेवरून एक वळतो, एक घसरतो, आणि फलंदाज मधल्या रेषेत खेळतो. लायन, सँटनर, वेल्लालगे, सगळे यावर जेवतात.

पॅडचा आधार गेला म्हणजे राहिले फक्त हात. म्हणजे अखेर तुमच्या सैल हातांकडेच आलो, पण वेगळ्या वाटेने.

माटवी
१५ जुलै, दुपारी ३:४०

मी इथे एरवी पाककृतींच्या बाजूला असते, पण धागा वाचून राहवलं नाही.

१९७१ साली मी नऊ वर्षांची. वेंगुर्ल्याजवळ आजोळी होतो, कारण चतुर्थी. २४ ऑगस्ट. माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची लाकडी चौकट, बांधून झाली होती, कांगले, कवंडळं, नारळ, शिप्टं सगळं टांगलेलं, आणि आजोबांनी रेडिओ गणपतीच्या खोलीतच आणून ठेवला. आजी म्हणाली, देवासमोर हे काय. आजोबा म्हणाले, देवाकही ऐकांदे. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ओव्हलवर ३८ धावांत ६ काढून इंग्लंडला १०१ ला गुंडाळलं होतं आणि आता आपल्याला १७३ हवे होते. आरतीला घरातले पुरुष उभे राहिले ते एक कान रेडिओकडे ठेवून. चार गडी राखून जिंकलो. इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय. त्या दिवशी प्रसाद दोनदा वाटला.

नंतर कधीतरी कळलं की तिकडच्या आपल्या लोकांनी चतुर्थी म्हणून चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली होती. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी विजयाचं सगळं श्रेय तिलाच दिलं असतं.

म्हणजे परदेशात फिरकी आपलं दुखणं नव्हती, औषध होती. हे कधी उलटं झालं ते तुम्ही जाणकार सांगा.

कॅरमबोर्ड
१५ जुलै, दुपारी ४:०२

माटवीताई, दंडवत. शिप्टं हा शब्द वीस वर्षांनी वाचला.

चौथा_डाव
१५ जुलै, संध्याकाळी ५:२०

ताई, औषधाचा इतिहास आणखी मागे जातो. १९११ ला पटियाळ्याच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ मार खाऊन आला, पण एका डावखुऱ्या फिरकीपटूने सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. पालवणकर बाळू. चांभार समाजातला माणूस, पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करत आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकत शिकलेला. ज्याला आपल्याच हिंदू संघात चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा, तो इंग्लंडमध्ये आपली अब्रू राखून आला. आपल्या परदेशी फिरकीची सुरुवात तिथून धरा.

मग गुप्ते. सुभाष गुप्ते, १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत २७ बळी. मग प्रसन्ना, १९६७-६८ मध्ये ऑस्ट्रेलियात २५ आणि लगेच न्यूझीलंडमध्ये २४, आणि न्यूझीलंडमध्येच परदेशातला पहिला मालिका विजय, ३-१. वेलिंग्टनला आपल्या बापू नाडकर्णींचे ४३ धावांत ६. बेदीचे १९७७-७८ ला ऑस्ट्रेलियात ३१.

उलटं कधी झालं? माझ्या मते कधीच पूर्ण उलटं झालं नाही. कुंबळेने २००३-०४ ला ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत २४ काढले. झालं असं की आपल्याकडे चांगले वेगवान आले, आणि मग परदेशात फिरकीपटू म्हणजे 'जागा उरली तर' असा झाला.

लेगला_सात
१५ जुलै, रात्री १०:४५

मी तालुक्याच्या गावी पोरांना शिकवतो. मॅटिंगवर, लेदर बॉलने. दोन मुद्दे, थोडे लांब होतील.

पहिला, बॉल. घरी आपला एसजी. शिवण हाताने घातलेली, जाड, बोटाला चावते. ती उभी राहते, जमिनीला पकडते, कोरड्या मातीत बॉल आडवा वळतो. म्हणून आपली पोरं आडवी फिरकी शिकतात, चावी फिरवल्यासारखी. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा. त्याच्या बाहेरच्या शिवणी मशीनच्या, पंधरावीस षटकांत बसून जातात. तिथे आडवी फिरवून काही मिळत नाही. लायन काय करतो? तो बॉल वरून पुढे लोटत फिरवतो, उंचीवरून. बॉल हवेत लवकर खाली येतो आणि पडल्यावर बरगडीपर्यंत उडतो. त्याला वळण नको, उसळी हवी. शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाला अगदी खेटून उभ्या असलेल्याकडे, झेल जातो तो त्या उसळीमुळे. आपला गोलंदाज तिथे पहिल्या दौऱ्यात घरच्यासारखाच टाकतो, दुसऱ्या दौऱ्यात शिकतो आणि तिसऱ्याला संघाबाहेर असतो. ॲडलेड २०१४ चं वर आलंच आहे. त्याच सामन्यात आपण अश्विनला बसवून नव्या लेगस्पिनरला उतरवलं, त्याचे सामन्यात २३८ धावांत ४. पोराचा दोष नाही. त्याला थेट खोल पाण्यात ढकलला.

दुसरा मुद्दा, जो कोणीच काढत नाही. झेल. ओव्हलच्या त्या डावात चंद्राचे सहा सगळे सांगतात, पण इंग्लंडच्या नॉटचा झेल कोणी घेतला? वेंकटच्या गोलंदाजीवर सोलकर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, पुढे झेपावून, गवतापासून बोटभर वर. एकनाथ सोलकर, २७ कसोटींत ५३ झेल, आणि हेल्मेट नाही. बाप हिंदू जिमखान्यावर माळी होता, पोरगा मैदानाच्या कडेलाच वाढला. असा माणूस पायाशी उभा असला की फलंदाजाचे हात आपोआप कडक होतात. सड्यावरचे, तुमचा वन टप्पा आउटचा नियम म्हणजे हाच सोलकर हो. तुमच्या खळ्यात चार सोलकर उभे होते.

आज शॉर्ट लेगला संघातल्या सगळ्यात नव्या पोराला उभं करतात, शिक्षा म्हणून. मग परदेशात जी अर्धी संधी मिळते ती पॅडवरून घरंगळून जाते.

माझ्याकडे सोळा पोरं आहेत. फिरकी टाकायला तयार दोन. त्यातल्या एकाच्या वडिलांचा फोन आला, सर त्याला फास्ट टाकू द्या, रील बनवायचंय.

पॅडआधी
१५ जुलै, रात्री ११:१०

+१. वर एक जोडतो. श्रीलंकेतलं गॉल, २०१५. रहाणेने एका सामन्यात ८ झेल घेतले, यष्टीरक्षक सोडून तेव्हाचा विश्वविक्रम. अश्विनचे सामन्यात १० बळी. आणि तरी हरलो, कारण १७६ चा पाठलाग करताना हेरथ, ४८ धावांत ७, आपण ११२. म्हणजे झेल होते, फिरकी होती, फक्त हात नव्हते. मग पुढच्याच कसोटीत कोलंबोला रहाणेचं शतक आणि मालिका २-१. माणसं तीच, आठवडाभरात. बदललं काय, तर ती पुढे येऊन खेळायला लागली. गॉलला सगळे क्रीजमध्ये खिळून मेले होते.

घाटावरून
१६ जुलै, सकाळी ८:०५

सगळं बरोबर, पण कुलदीपला का बसवलाय ते सांगा. तीन कसोटी झाल्या, पोरगं पाणी नेतंय.

२०१८ ला लॉर्ड्सवर ढगाळ हवेत, हिरव्या खेळपट्टीवर खेळवला. नऊ षटकं, बळी नाही, थेट घरी. २०१९ जानेवारीत सिडनीला ९९ धावांत ५. तेव्हा कोच म्हणाले की परदेशात हाच आमचा पहिल्या नंबरचा फिरकीपटू. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांपैकी कुठेही एक कसोटी नाही! आमच्याकडे सासूसुद्धा सुनेला इतकं बसवून ठेवत नाही.

चौथा_डाव
१६ जुलै, सकाळी ९:१५

कारण फलंदाजी. आठव्या नंबरला धावा हव्यात म्हणून सुंदर आणि जडेजा. आणि धावा का हव्यात, तर वरचे कोसळतात म्हणून. रोग वर आहे, मलम खाली लावतायत.

पण मग याच मालिकेतल्या लीड्ससारखं होतं. इंग्लंडला शेवटच्या दिवशी ३७१ चं लक्ष्य, डावखुऱ्या डकेटच्या ऑफ स्टंपबाहेर बुटांच्या खुणांनी उकरलेला मोठा पट्टा, आणि आपल्याकडे तिथे टाकून दोघांना काढेल असा माणूस नाही. जडेजाला २४ षटकांत १०४ धावांत १. डकेट उलटा स्वीप मारून १४९ करून गेला. ज्या जागेवर मोईनने आपल्याला दोनदा गाडलं, तीच जागा आपल्याला मिळाली आणि आपण तिथे वेळेवर बॉल टाकलाच नाही.

लेगला_सात
१६ जुलै, सकाळी ९:४०

मोईनची २०१८ ची जागा त्याला सॅम करनने खणून दिली होती. डावखुरा वेगवान ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा त्याचे बूट उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर पडतात. तिथून ऑफब्रेक आत येतो. आपल्याकडे झहीर गेल्यावर कसोटीत टिकलेला डावखुरा वेगवान नाही. फिरकीपटूची शेती वेगवानांनी नांगरायची असते. आपले बैल सगळे एकाच बाजूचे.

चौथा_डाव
१६ जुलै, सकाळी ९:५५

असहमत. त्याच सामन्यात इंग्लंडकडे कूक, जेनिंग्ज, स्टोक्स, मोईन, करन, पाच डावखुरे होते. आपल्या उजव्या हाताच्या वेगवानांनी त्यांच्यासाठी खणून ठेवलंच होतं. अश्विन कंबरेच्या दुखापतीने अर्धाच उरला होता, ते कारण. आणि दुसरा फिरकीपटू खेळवला नव्हता. शेत तयार होतं, पेरायला माणूस आजारी.

लेगला_सात
१६ जुलै, सकाळी १०:०२

हे मान्य. बैल मागे घेतो.

संपादक
१६ जुलै, सकाळी ११:००

सासू, सून, बैल आणि बांगडा यांसाठी वेगळे धागे आहेत. कृपया फिरकीवर राहावे.

कॅरमबोर्ड
१६ जुलै, दुपारी २:३०

संपादकांची क्षमा मागून कॅरमवर येतो, पण ते फिरकीच आहे.

२००८, श्रीलंका दौरा. अजंथा मेंडिस. आमच्या वाडीत पावसात दुसरं कामच काय, मंडळाच्या खोलीत कॅरम आणि टीव्ही शेजारी शेजारी. आधी कराचीत आशिया कपच्या फायनलला त्याने १३ धावांत ६ काढले होते, तेव्हा आम्ही नशीब म्हणून सोडून दिलं. कसोटीत बघतो तर तोच. अंगठा आणि दुमडलेलं मधलं बोट यांच्यात बॉल धरून, स्ट्रायकर मारावा तसा टिचकीने सोडायचा. आमच्यातला एक पोरगा, जो मंडळात कॅरमला कोणाला ऐकत नसे, तो म्हणाला, हे काय अवघड नाय. टेनिस बॉल घेऊन बाहेर खळ्यात गेला. दोन तास पावसात भिजला, बोटाला वांब आला, बॉल एकदाही सरळ पडला नाही. शेवटी एक पडला तो तुळशीवर.

मेंडिसचे त्या तीन कसोटींत २६ बळी, मुरलीचे २१. द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. आयुष्यभर फिरकी खाऊन वाढलेली माणसं, आणि बॉल कुठे जाणार ते ओळखता येईना. मालिका १-२ हरलो. त्यात एकटा सेहवाग गॉलला नाबाद २०१, संघाच्या ३२९ मधले. त्याला विचारलं असतं सैल हात म्हणजे काय, तर हसला असता. त्याने बोटं बघायची भानगडच ठेवली नव्हती. बॉल आला, मारला.

तेव्हा सड्यावरचे, मारायचा नाही हा तुमचा सिद्धांत इथे अडकतो.

सड्यावरचा
१६ जुलै, रात्री ९:२०

लाईट आली! सव्वादोन दिवसांनी.

कॅरमबोर्ड, सेहवाग अडचणीचा आहे, मान्य. पण सेहवाग हा सिद्धांत नसतो, सेहवाग हा पाऊस असतो. त्याच्यावर शेती करता येत नाही. मी पुजाराकडे बघतो. तो लायनला एकतर पुढे धावत जाऊन टप्प्यावर गाठायचा, नाहीतर पार स्टंपात घुसून मागे खेळायचा. मधे कुठेच नाही. आणि दोन्हीकडे हात मेल्यासारखे. साउथॅम्प्टनला त्या मोईनच्या पाच बळींच्या डावात पुजारा नाबाद १३२ होता हे विसरू नका. सगळे एकाच खेळपट्टीवर होते ना? मग खेळपट्टीला दोष कसा द्यायचा?

पर्थ २०१८ चं राहिलं. आपण खेळपट्टीवर गवत बघून एकही फिरकीपटू घेतला नाही, चार वेगवान. आणि सामनावीर कोण? लायन, ८ बळी. खेळपट्टी वाचता येत नाही असं इंग्लंड-ऑस्ट्रेलियावाल्यांना आपण इथे आले की हिणवतो.

पॅडआधी
१६ जुलै, रात्री ९:५८

एकदिवसीयचंही बोला. श्रीलंका, ऑगस्ट २०२४. कसोटीत निदान बचाव म्हणून काही असतो, तिथे तर मारायचंच होतं. पहिला सामना बरोबरीत, १ धाव हवी, चेंडू चिकार, आणि कप्तान असलंकाने दोघांना लागोपाठ पायचीत केलं. दुसऱ्यात बिनबाद ९७ वरून वँडरसे, ३३ धावांत ६. हा माणूस हसरंगा जखमी म्हणून आयत्या वेळी आलेला. तिसऱ्यात वेल्लालगे ५, आपण १३८. तीन सामन्यांत २७ गडी फिरकीला. १९९७ नंतर पहिल्यांदा त्यांच्याकडून एकदिवसीय मालिका हरलो.

रोहित सोडला तर प्रत्येक जण चेंडू पडल्यावर बघत होता. रोहित पडायच्या आधी मारत होता. कॅरमबोर्ड, ही तुमची बाजू झाली.

माटवी
१७ जुलै, सकाळी ७:३०

मला एकच कळलं, की मारणारे थोडेच असतात आणि अडवणारे आता उरले नाहीत. मधल्यांचे हाल.

सड्यावरचा
८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. विसर्जनं आटोपली, चाकरमानी गेले, घर रिकामं झालं, म्हणून लिहायला बसलो.

यंदा पुतणे, भाचे मिळून सात पोरं होती. पाऊस उघडला की खळ्यात. मी मुद्दाम वन टप्पा आउट लावलं. पहिल्या दिवशी बंड झालं. ठाण्याचा भाचा तेरा वर्षांचा, अकादमीत जातो, महिन्याची फी ऐकून बाबांनी दोनदा विचारलं. बॅट त्याच्या खांद्याएवढी. तो चार बॉलच्या वर टिकेना. प्रत्येक बॉलला बॅट पुढे ढकलायचा, बॉल टणकन उडून कोणाच्या तरी हातात. सगळ्यात जास्त कोण टिकली असेल तर नऊ वर्षांची पुतणी. तिला बॅट धड पेलत नव्हती, त्यामुळे बॉल बॅटवर आदळायचा आणि तिथेच बसायचा. जोरच नव्हता ना. भाचा चिडला, म्हणाला हिला खेळताच येत नाही. स्कोअरवर ती ११, हा ३.

चौथ्या दिवशी भाच्याने दांडा खालून घट्ट धरायचं सोडलं. खालचा हात, दोन बोटं आणि अंगठा एवढ्यावर. कोणी सांगितलं नव्हतं. मी दारात उभा राहून बघत होतो आणि गप्प बसलो.

बाबा अंपायर होते. भाच्याचा एक बॉल पायाशी पडला आणि हळूहळू घरंगळत तुळशीला लागला. बाबांनी बोट वर केलं. पोरगं म्हणालं, आजोबा, बॅटला लागला की, मी अडवला.

"लागलो रे," बाबा म्हणाले. "पण तुळशीक इचार."

चौथा_डाव
८ सप्टेंबर, रात्री १०:४०

आजोबांना डीआरएसची गरज नाही.

घाटावरून
२७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:४५

मीच वर काढतो. धाग्याच्या नावात 'परदेशातली' आहे ते खोडा आता. दक्षिण आफ्रिकेचा सायमन हार्मर, कोलकात्यात दोन्ही डावांत चार-चार, १२४ चा पाठलाग, आपण ९३. काल गुवाहाटीत ३७ धावांत ६, आणि ४०८ धावांनी हरलो. गेल्या वर्षी सँटनरने पुण्यात १३ काढले तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो, तेव्हापासून शेजारी मला पनौती म्हणतात.

लेगला_सात
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

हार्मर बघा मात्र. उंचावरून, वरून लोटत, उसळी. लायनची शाळा. आपल्याच मातीत येऊन त्याने आपल्याला परदेशी फिरकी घातली.

माझ्याकडे फिरकीला आता तीन पोरं आहेत. रीलवाला परत आला.

कॅरमबोर्ड
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

तो फिरकीचं रील बनवतोय का?

लेगला_सात
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

हो. ३१ लाईक.

घाटावरून
२७ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

बंदी उठून चार महिने झाले. बांगड्याचा भाव अजून कोणी सांगितलेला नाही.